कॅथ लॅबमध्ये अकरा वर्षं, टीएलडीवर 14.3

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 36, कॅथ लॅब (एक्स-रे बघत हृदयाच्या अँजिओप्लास्टीसारख्या केसेस होतात ती खोली) तंत्रज्ञ, अकरा वर्षं हेच काम, टीएलडीच्या, म्हणजे अंगावर लावायच्या डोस मोजणाऱ्या बिल्ल्याच्या, सगळ्या अहवालांची बेरीज 14.3 मिलिसिव्हर्ट (सिव्हर्ट हे रेडिएशनच्या डोसचं एकक). दुसऱ्या मुलाचा विचार चालू आहे, पण घरच्यांचा धोशा आहे की आधी ही नोकरी सोड. पहिली मुलगी गेल्या वर्षी जिन्यावरून पडली तेव्हा तिच्या डोक्याचा सीटी झाला, त्याचीही रुखरुख आहे. आणि शेवटची ओळ: ‘वीस वर्षांनी मला कॅन्सर होणार का, ते सरळ सांगा.’

सरळच सांगते. मी वैद्यकीय भौतिकीत सव्वीस वर्षं आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा करून कोबाल्टच्या मशीनवर सुरुवात केली, आणि गेली चौदा वर्षं एका रुग्णालयात रेडिएशन सेफ्टी ऑफिसर आहे. तुम्हा एकट्याला कॅन्सर होणार की नाही हे मला सांगता येत नाही, कुणालाच येत नाही. पण तुमच्यासारख्या दहा हजार जणांचं काय होईल, याचा हिशोब मांडता येतो.

आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोग, म्हणजे आपण ज्याला आयसीआरपी म्हणतो तो, या कामातल्या प्रौढांसाठी दर सिव्हर्टमागे कर्करोगाचा धोका 4.1 टक्के धरतो. तुमचे 14.3 मिलिसिव्हर्ट म्हणजे 0.0143 सिव्हर्ट. गुणाकार केला की उत्तर येतं 0.06 टक्के, म्हणजे दहा हजारांत सहा. आता दुसरा आकडा शेजारी ठेवा. भारतात नऊ जणांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी कर्करोग होतो, असा राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा 2022 सालचा अंदाज आहे. दहा हजारांत ते साधारण 1,100 होतात. तुमच्यासारखे दहा हजार तंत्रज्ञ एका मैदानात उभे केले, तर त्यातल्या 1,100 जणांना कॅथ लॅबचं दारसुद्धा न उघडता कर्करोग झाला असता. रेडिएशनमुळे तो आकडा 1,106 च्या आसपास जाईल. आणि ते वाढीव सहा जण कोणते, हे कधीच कळणार नाही, कारण रेडिएशनने झालेल्या गाठीवर तसा शिक्का नसतो.

हा 4.1 आला कुठून? मुख्यतः हिरोशिमा-नागासाकीतून. तिथल्या सुमारे 1,20,000 माणसांचा पाठपुरावा 1950 पासून चालू आहे. लोकांची समजूत अशी की तिथून वाचलेल्यांपैकी बहुतेकांना पुढे कॅन्सरच झाला. प्रत्यक्षातली नोंद वेगळी आहे. 1958 ते 1998 या काळात त्या गटात 17,448 घन कर्करोग सापडले, म्हणजे रक्ताचे सोडून बाकीचे. त्यातले साधारण 850 बॉम्बच्या रेडिएशनमुळे झाले असं गणित सांगतं. 850 माणसं थोडी नाहीत. पण आपल्या मनातलं चित्र आणि ही नोंद यांत बरंच अंतर आहे.

वेळेचा प्रश्नही तिथूनच सुटतो. किरण पेशीतून जातात तेव्हा पेशीतल्या पाण्याचे रेणू फुटतात, डीएनएचे धागे तुटतात. कधी दोन्ही धागे एकाच जागी तुटतात, आणि खरं नुकसान तेच. पेशी दुरुस्ती करते. बहुतेकदा नीट करते, एखाद्या वेळी भलतीच टोकं एकमेकांना जोडून बसते. अशी चुकून जोडलेली पेशी लगेच काही करत नाही, तिच्यात आणखी बदल साठावे लागतात. हिरोशिमात रक्ताचा कर्करोग दोन-तीन वर्षांतच वाढू लागला आणि सहा ते आठ वर्षांनी सर्वाधिक झाला. फुप्फुस, स्तन, जठर, आतडं यांचे कर्करोग दहाएक वर्षांनंतर दिसू लागले आणि ती वाढ त्या माणसांच्या आयुष्यभर राहिली. तुम्ही वीस वर्षं म्हणालात ती कल्पना चुकीची नाही, फक्त वीस वर्षांनी घंटा वाजते असं काही नसतं.

तुम्ही म्हणाल, तो एका क्षणात मिळालेला डोस, माझा अकरा वर्षांत थेंबथेंब जमलेला. रास्त शंका आहे. आयसीआरपीनेही सावकाश मिळालेल्या डोसचा धोका निम्मा धरलाय, आणि 4.1 मध्ये ती सूट आधीच दिलेली आहे. ती द्यावी की नाही यावर आमच्या क्षेत्रात वाद आहे. फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या तीन लाखांहून अधिक अणुउद्योग कामगारांच्या अभ्यासाचे 2023 साली आलेले आकडे सांगतात की सावकाश मिळालेल्या डोसनेही घन कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचा धोका दर ग्रेला (ग्रे म्हणजे शरीरात शोषलेल्या डोसचं एकक, एक्स-रेसाठी सिव्हर्टएवढंच) 52 टक्क्यांनी वाढतो. शून्य ते 100 मिलिग्रे या पट्ट्यात तर उतार अधिकच चढा निघाला, दुपटीहून थोडा जास्त. तो कडक आकडा तुम्हाला लावला तर सहाच्या जागी पंधरा-अठरा येतात. म्हणजे 1,106 नव्हे, 1,118. वाईटात वाईट धरलं तरी हिशोब इतकाच.

उलट बाजूचा पुरावा आपल्या देशातच आहे. केरळात कोल्लम जिल्ह्यातल्या करुनागापल्लीच्या किनाऱ्यावर वाळूत मोनाझाइट नावाचं खनिज आहे, त्यात किरणोत्सारी थोरियम. जगात नैसर्गिक रेडिएशनची सरासरी वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट आहे. तिथे काही घरांत ती कित्येक पटींनी जास्त भरते. तिथल्या जवळपास 70,000 रहिवाशांच्या 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कर्करोग वाढलेला दिसला नाही. हा अभ्यास दाखवून ‘थोडं रेडिएशन चांगलंच असतं’ असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. न दिसणं आणि नसणं यांत फरक आहे. दहा हजारांत सहाची वाढ असल्या अभ्यासाच्या चाळणीतून सहज निसटते.

तेव्हा कॅन्सरबद्दल माझं मत असं: नोकरी सोडायला हे कारण पुरेसं नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा सलग पाच वर्षांत 100 मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात 30. तुम्ही अकरा वर्षांत 14.3 वर आहात.

पण तो 14.3 खरा आहे का? मला चिंता याची आहे, आणि तुम्ही हेच विचारलं नाहीत.

टीएलडीचा बिल्ला बिचारा साधा. आत कॅल्शियम सल्फेट-डिस्प्रोशियमच्या तीन चकत्या, त्यांच्यावर वेगवेगळे फिल्टर. जिथे ठेवाल तिथला डोस तो तीन महिने साठवतो. तुम्ही कुठे आहात हे त्याला ठाऊक नसतं. एकदा एका तंत्रज्ञाचा तिमाही अहवाल एवढा मोठा आला की चौकशी लावावी लागली. बाई रडवेली. निघालं असं, की तिने बिल्ला शिशाच्या ॲप्रनलाच अडकवून ठेवला होता आणि दोन आठवडे रजेवर असताना तो ॲप्रन लॅबच्या आत स्टँडवर लटकत होता. डोस ॲप्रनला मिळाला, बाईंना नाही. याच्या नेमका उलट प्रकार जास्त चालतो आणि त्याची चौकशी कुणी लावत नाही. एका डॉक्टरांचे अहवाल तीन वर्षं सलग शून्य. लॅबमध्ये सगळ्यात जास्त केसेस त्यांच्या, आणि सगळ्यात कमी डोसही त्यांचाच! बिल्ला टेबलाच्या खणात होता. ‘डोस जास्त आला तर केसेस बंद करायला लावाल,’ असं त्यांचं स्पष्टीकरण.

तुम्ही अकरा वर्षं बिल्ला ॲप्रनच्या आत छातीवर नियमित लावला असेल, तर 14.3 वर विश्वास ठेवा. सणासुदीच्या गर्दीत, रात्रीच्या इमर्जन्सी अँजिओप्लास्टीला धावत जाताना तो लॉकरमध्येच राहत असेल, तर तुमचं उत्तर तुम्हालाच ठाऊक आहे. वरचा सगळा हिशोब मग त्या प्रमाणात वाढवून वाचा.

आणि बिल्ला प्रामाणिकपणे लावला तरी त्याला एक गोष्ट कळत नाही. तो शिशाच्या आड असतो, डोळे शिशाच्या बाहेर.

कॅथ लॅबच्या माणसाने खरी काळजी करायची ती डोळ्यांची. पूर्वी समजत होतो की मोतीबिंदू व्हायला डोळ्याच्या भिंगाला दोन ग्रे किंवा त्याहून जास्त डोस लागतो. तसं नाही हे हळूहळू लक्षात आलं. 2011 साली आयसीआरपीने ती पातळी अर्ध्या ग्रेवर आणली आणि डोळ्याच्या भिंगाची वार्षिक मर्यादा 150 मिलिसिव्हर्टवरून एकदम 20 वर. एवढी मोठी कपात मी माझ्या कारकिर्दीत दुसरी पाहिली नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने मलेशियात हृदयरोगतज्ज्ञांचे आणि कॅथ लॅबच्या परिचारिकांचे डोळे तपासले तेव्हा डॉक्टरांपैकी 52 टक्के आणि परिचारिकांपैकी 45 टक्के जणांच्या भिंगाच्या मागच्या भागात बदल दिसले. रेडिएशनशी संबंध नसलेल्यांमध्ये ते प्रमाण 9 टक्के होतं. संख्या लहान होत्या, परिचारिका तर अवघ्या अकरा, आणि बहुतेकांना दिसण्यात फरक पडलेला नव्हता. पण लॅटिन अमेरिकेतल्या तपासणीतही दिशा तीच निघाली.

तंत्रज्ञ लांब कन्सोलवर असतो असं पुस्तकात असतं. आपल्याकडे, विशेषतः छोट्या शहरांतल्या लॅबमध्ये, तंत्रज्ञच हात धुऊन, गाऊन चढवून डॉक्टरांशेजारी उभा राहतो, वायर धरतो, बलून फुगवतो. तुमचं तसं असेल तर तुमचे डोळे डॉक्टरांच्याच रांगेत आहेत. शिवाय डॉक्टरांसाठी छताला टांगलेली शिशाची काच असते, तीही ते आपल्या सोयीने ओढून घेतात. सहायकाच्या वाट्याला तिची कड येते.

हा मोतीबिंदू म्हातारपणीच्या मोतीबिंदूसारखा सुरू होत नाही. तो भिंगाच्या मागच्या आवरणाजवळ, मधोमध सुरू होतो. समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपतात, भर उन्हात अंधुक वाटतं, वाचताना त्रास होतो आणि चष्म्याचा नंबर मात्र फारसा बदललेला नसतो. माझ्या एका सहकाऱ्याला शेहेचाळिसाव्या वर्षी हे झालं. तो सहा महिने चष्मेच बदलत राहिला. रेडिएशनमुळेच झालं असं मी शपथेवर सांगणार नाही. त्याला मधुमेहही होता. पण बाहुल्या मोठ्या करून स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर, तपासणी दर वर्षी झाली असती तर ते आधी कळलं असतं. बहुतेक रुग्णालयांच्या वार्षिक तपासणीत डोळे म्हणजे भिंतीवरची अक्षरं वाचणं. त्याने यातलं काही समजत नाही.

डाव्या बाजूच्या मेंदूच्या गाठींची बातमीही तुम्ही ऐकली असेलच. 2013 साली कॅथ लॅबमधल्या 31 डॉक्टरांच्या मेंदू-मानेच्या गाठींची नोंद प्रसिद्ध झाली. ज्या 26 जणांची बाजू माहीत होती त्यातल्या 22 जणांची गाठ डावीकडे होती. डॉक्टर रुग्णाच्या उजव्या हाताला उभा असतो, त्याची डावी बाजू एक्स-रे ट्यूबकडे असते, म्हणून ही गोष्ट अंगावर काटा आणते. पण ती ऐकीव आणि शोधून गोळा केलेल्या रुग्णांची यादी आहे. किती हजार डॉक्टरांमागे 31, हे तिच्यात नाही. संशय घ्यायला ती पुरेशी आहे, धोक्याचा आकडा काढायला नाही.

आता मुलाबद्दल. कॅथ लॅबवाल्यांना मुलीच होतात, हे मी पहिल्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ऐकलं आणि आजही ऐकते. मला दोन मुलगे आहेत, तो पुरावा नव्हे, पण आमच्या चहाच्या टेबलावर त्याचाच उपयोग जास्त झाला. खरा पुरावा जेम्स नील आणि विल्यम शल या दोघांनी गोळा केला. युद्धानंतर हिरोशिमा-नागासाकीत जन्मलेल्या 70,000 हून अधिक बाळांची त्यांनी नोंद ठेवली. आईवडिलांना मिळालेल्या रेडिएशनमुळे व्यंग, मृतजन्म किंवा मुलगा-मुलगी यांच्या प्रमाणातला बदल, यातलं काहीही ठामपणे दाखवता आलं नाही. पुढे या मुलांमधल्या कर्करोगाचाही पाठपुरावा झाला, त्यातही वाढ दिसली नाही. 1990 साली ब्रिटनमध्ये मार्टिन गार्डनर यांनी सेलाफील्डच्या अणुकेंद्रातल्या वडिलांचा डोस आणि मुलांचा रक्ताचा कर्करोग यांचा संबंध दाखवला होता आणि मोठी खळबळ उडाली. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत तो संबंध टिकला नाही. शुक्राणूंची संख्या तात्पुरती घटायलासुद्धा एका वेळी 100 ते 150 मिलिग्रे लागतात. तुमचे 14 अकरा वर्षांत पसरलेले आहेत, तेही कंबरेला शिसं बांधून. दुसऱ्या मुलाचा निर्णय बाकी सगळ्या गोष्टी बघून घ्या, ही गोष्ट त्यात धरू नका. वहिनींना आणि आईंना हा परिच्छेद वाचून दाखवा.

गरोदर स्त्री स्वतः लॅबमध्ये काम करत असेल तर नियम बदलतो. तिने कळवल्यापासून गर्भाला उरलेल्या काळात एक मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मिळता कामा नये. ॲलिस स्ट्युअर्ट यांनी 1950 च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये दाखवलं की गरोदरपणी पोटाचे एक्स-रे काढलेल्या आयांच्या मुलांमध्ये बालपणीचा कर्करोग जास्त होता, आणि ते डोस फार मोठे नव्हते. त्यांच्यावर बराच काळ कुणी विश्वास ठेवला नाही. तुमच्या लॅबमध्ये एखादी सिस्टर गरोदर असेल आणि ‘सांगितलं तर ड्युटी बदलतील’ म्हणून गप्प असेल, तर तिला सांगायला लावा.

मुलीचा सीटी. डोक्याचा एक सीटी म्हणजे साधारण दोन मिलिसिव्हर्ट. मुलांना धोका मोठ्यांपेक्षा जास्त, हे खरं: पेशी वेगाने वाढत असतात आणि पुढे आयुष्य पडलेलं असतं. नऊ युरोपीय देशांतल्या जवळपास साडेनऊ लाख मुलांचा आणि तरुणांचा अभ्यास 2023 साली आला. त्याचा निष्कर्ष: आजच्या पद्धतीने सीटी केलेल्या दहा हजार मुलांपैकी पुढच्या बारा वर्षांत एखाद-दुसऱ्याला त्यामुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. जिन्यावरून पडलेल्या मुलीच्या डोक्यात रक्तस्राव चुकला असता तर त्याची किंमत यापेक्षा फार मोठी होती. सीटी योग्यच होता. साध्या सर्दी-डोकेदुखीला ‘एकदा करून टाकू’ म्हणून झाला असता तर मी वेगळं बोलले असते.

गूळ खा, दूध प्या, केळी खा, हे सगळं खा, पण रेडिएशनशी त्याचा संबंध नाही. दर वर्षीच्या रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशी ठीक आल्या म्हणून निर्धास्तही होऊ नका, तुमच्या डोसला त्या हलतसुद्धा नाहीत. रक्तातल्या गुणसूत्रांच्या तुटफुटीवरून डोस काढणारी चाचणी असते, पण तिलाही 100 मिलिसिव्हर्टच्या खाली धड दिसत नाही. ट्यूब बंद झाली की खोलीत काही उरत नाही, त्यामुळे केस संपल्यावर खिडकी उघडून ‘रेडिएशन बाहेर’ काढायची गरज नाही. (आमच्याकडे एक मामा हे इमानेइतबारे करत. हवा खेळती राहायची, तेवढा फायदा.)

काम करताना काय करायचं, तर तीन-चार गोष्टींतच सगळं आलं. तुमच्यापर्यंत येणारं रेडिएशन रुग्णाच्या शरीरावरून उसळून येतं, म्हणून अंतर हे सगळ्यात स्वस्त शिसं: दुप्पट लांब गेलात तर डोस चौथाई. सिने, म्हणजे साठवून ठेवायचं एक्स-रे चित्रीकरण, चालू असताना एक पाऊल मागे या, कारण सिनेचा डोस फ्लुरोच्या, म्हणजे नुसत्या थेट दिसणाऱ्या चित्राच्या, साधारण दहापट असतो. लेफ्ट ऑब्लिक व्ह्यूमध्ये, म्हणजे डावीकडून तिरकस घेतलेल्या चित्रात, आणि त्यातल्याच स्पायडर नावाच्या व्ह्यूमध्ये, ट्यूब तुमच्या बाजूला येते. तेव्हा डोळे मॉनिटरवर आणि पाय मागे. सेकंदाला साडेसात फ्रेमवर (चित्रांवर) काम भागत असेल तर पंधरा कशाला, हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका. मी विचारते, काही चिडतात, बरेच ऐकतात. शिशाचा चष्मा बाजूच्या काचांसह घ्या, कारण किरण समोरून येत नाहीत, खालून आणि डावीकडून येतात. नुसत्या पुढच्या काचेच्या महागड्या चष्म्याने अर्धंच काम होतं. ॲप्रन घडी करून खुर्चीवर टाकू नका. आतलं शिसं घडीवर तडकतं आणि बाहेरून काही दिसत नाही. वर्षातून एकदा तो फ्लुरोखाली पसरून बघायचा असतो. तुमच्याकडे शेवटचा कधी बघितला ते विचारा, आणि उत्तर देताना समोरचा घुटमळला तर स्वतःच बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरा बिल्ला गळ्याशी, कॉलरच्या बाहेर मिळतो का ते तुमच्या सेफ्टी ऑफिसरला विचारा. त्याच्या आकड्यावरून डोळ्यांच्या डोसचा बराच जवळचा अंदाज येतो. तीन महिने तो आकडा बघा. आतल्या बिल्ल्याच्या तुलनेत तो किती मोठा आहे हे पाहून बहुतेक जण दुसऱ्याच दिवशी टांगलेली काच आपल्याकडे ओढायला लागतात.

आणि नेत्रतज्ज्ञांची वेळ या महिन्यात घ्या. ‘रेडिएशनमध्ये काम करतो, भिंगाची मागची बाजू बघा’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर ते नंबर काढून परत पाठवतील. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले की चार-पाच तास उजेड सहन होत नाही आणि जवळचं दिसत नाही, तेव्हा दुचाकी घरी ठेवा आणि त्या दिवशी केस लावून घेऊ नका.